एका बाकावरची लेकरे

जून महिना उजाडला, की आमच्या धर्मग्रामातील घराघरांत एकच विषय असतो: लेकराला कोणत्या शाळेत घालायचे? कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला, त्या घरी पेढे वाटले जातात. जिल्हा परिषदेच्या शाळेत नाव घातले, त्या घरी या विषयावर फारसे कोणी बोलत नाही. दोन वर्षांपूर्वी रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात नव्या मुलांना आम्ही आपले नाव आणि शाळा सांगावयास उभे केले. पुढच्या बाकांवरील मुलांनी आपल्या इंग्रजी शाळांची नावे खणखणीत आवाजात सांगितली. मागे बसलेल्या एका मुलाने स्वतःचे नाव नीट सांगितले. शाळेचे नाव मात्र तो पुटपुटला. पुन्हा विचारले, तेव्हा म्हणाला, "झेडपीची, फादर." वर्गात हसू पिकले. बाक कोणी वाटून दिले नव्हते. मुलांनीच ते आपण होऊन वाटून घेतले होते. हे त्यांना कोणी शिकवले, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या मनातून जात नाही.

उत्तर शोधू गेल्यास इतिहासात बरेच मागे जावे लागते. इंग्रजांनी या देशात शिक्षणाची घडी बसविली, तेव्हा वरच्या वर्गाला शिकवावे, म्हणजे ज्ञान आपोआप खाली झिरपेल, असा त्यांचा हिशेब होता. मॅकॉलेच्या १८३५ च्या टिपणात हाच विचार आहे. ज्ञान किती झिरपले, ते १८५६ साली मुंबई इलाख्यातील धारवाडला दिसून आले. तेथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला आणि तो नाकारला गेला. शाळा सरकारची होती. परंतु तिच्या दाराशी समाज उभा होता.

या व्यवस्थेचा खरा हिशेब मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी दाखवून दिले, की सरकारी तिजोरी भरते ती कष्टकरी रयतेच्या घामातून आणि शिक्षणावरील पैसा मात्र वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणाकडे वळतो. किमान बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, ही त्यांची मागणी होती. खेड्यातील शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, नांगर हाती धरण्याची त्यांना लाज वाटू नये, असेही त्यांनी सुचविले. ज्या सावित्रीबाईंनी त्यांच्या कार्याला साथ दिली, त्यांचे अध्यापनाचे काही शिक्षण आमच्या नगरलाच अमेरिकन मिशनच्या सिंथिया फॅरार यांच्याकडे झाले होते, ही आम्हा नगरकरांना अभिमानाची गोष्ट आहे.

पुढे राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि साताऱ्याच्या वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंगतीला बसविली. स्वातंत्र्यानंतर कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात समान शाळेची, म्हणजे एका परिसरातील सर्व थरांच्या मुलांनी एकाच शाळेत शिकावे, अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. ही शिफारस कागदावरच राहिली. ज्यांच्या शब्दाला वजन होते, त्यांची मुले परिसरातील शाळेतून निघून गेली, आणि मग त्या शाळेसाठी शब्द टाकणारे कोणी उरले नाही.

आता आपल्या घराकडे वळू. ख्रिस्तसभेने या महाराष्ट्रात दोन प्रकारच्या शाळा उभारल्या. पुण्याच्या लष्कर भागातील सेंट व्हिन्सेंट (१८६७) आणि मुंबईतील सेंट झेवियर्स (१८६९) या येशूसंघीयांच्या शाळांची कीर्ती सर्वदूर पसरली. त्याच येशूसंघाचे जर्मन धर्मगुरू १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतरच्या काळात नगर जिल्ह्यातील खेड्यांत आले. येथे त्यांच्या कामाचा आधार होता मिशनचा मास्तर. झाडाखाली नाही तर कुडाच्या खोलीत तो बाराखडीही शिकवी आणि प्रार्थनाही. आपल्यापैकी पुष्कळांचे पणजोबा गावकुसाबाहेर राहत होते. त्यांच्या हाती प्रथम पाटी-पेन्सिल आली ती त्या मास्तरामुळे. त्या शाळेला ना इमारत होती, ना गणवेश. तरीही तिने माणसे उभी केली. आपण त्या शाळेची नातवंडे-पतवंडे आहोत. शाळेच्या दाराबाहेर उभे राहणे म्हणजे काय, हे ज्यांच्या पूर्वजांनी सोसले, त्यांच्याच लेकरांनी आज दुसऱ्याच्या शाळेला हसावे, याचे दुःख म्हणूनच अधिक वाटते.

गतवर्षी आम्ही काही पालकांना घेऊन हिवरे बाजारला गेलो. नगर तालुक्यातील हे गाव आज देशभर ठाऊक आहे ते पाण्यासाठी. जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा पट्टा. १९७२ च्या दुष्काळानंतर गाव खचले, माणसे कामासाठी बाहेर पडली, दारू आणि भांडणे वाढली. सरकारी नोकराला तेथील नेमणूक ही शिक्षा वाटे. १९८९ साली पोपटराव पवार हे वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेले तरुण सरपंच झाले. पुढे गावाने चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी केली, श्रमदानाने डोंगर बांधून काढले, आदर्श गाव योजनेत भाग घेतला. पावसाच्या मोजमापावरून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरविण्याची शिस्त लावली. पवारांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

हा सारा इतिहास पुष्कळांना माहीत असतो. परंतु गावाने प्रथम हाती घेतलेल्या कामांत शाळा होती, हे थोड्यांच्या लक्षात राहते. शाळेच्या खोल्यांसाठी गाव श्रमदानाला उतरले, मैदानासाठी लोकांनी शाळेलगतची जमीन दिली. चौथीनंतर शिक्षण थांबत असे, तेथे पुढचे वर्ग आले. हुशार मुलाला बाहेर कोठे पाठवावे, याचा विचार जो तो आपापल्या घरी करीतच असेल. पण आपल्या गावची शाळा कशी असावी, हा विचार येथे ग्रामसभेत झाला. कोरोनाच्या साथीत शाळा बंद पडल्या, तेव्हा ज्याच्या हाती चांगला मोबाईल त्याचे शिक्षण चालू आणि इतरांचे बंद, अशी नवीच फाळणी झाली. साथ आटोक्यात आणलेल्या या गावाने जून २०२१ मध्ये आपली शाळा पुन्हा भरविली. एरवी शहराकडे पाहून खेडे चालते. त्या वेळी एका खेड्याच्या शाळेकडे महाराष्ट्र पाहत होता.

परतीच्या वाटेवर एक पालक म्हणाले, "फादर, त्यांनी पाणी अडवलं हे ऐकलं होतं. शाळेसाठी सगळं गाव राबलं, हे नव्हतं ठाऊक. आपण तर लेकराचं नाव काढून मोकळे झालो." गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही.

आम्ही पालकांना दोष देत नाही. इंग्रजीवाचून नोकरी नाही, ही त्यांची धास्ती खरी आहे. महाराष्ट्राने २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी सुरू केले, तरी ती धास्ती गेली नाही. कित्येक सरकारी शाळांतील उणिवाही खऱ्या आहेत. आपल्या मुलाचे भले इच्छिणे हे पाप नव्हे. मात्र मुलाला चांगली शाळा मिळवून देताना 'तू त्यांच्यातला नाहीस' हा धडाही आपण नकळत देतो. तो कोणत्याच पुस्तकात नसतो, पण आयुष्यभर पाठ राहतो.

आम्हा धर्मगुरूंना आणि शाळा चालविणाऱ्या धर्मभगिनींना मात्र दोषाचा वाटा टाळता येणार नाही. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. खाजगी शाळांनी पहिल्या वर्गातील पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांच्या मुलांना द्याव्यात, असे तो सांगतो. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र शासनाने सरकारी वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आत असलेल्या खाजगी शाळांना यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयाने ती जुलैत रद्द ठरविली. अल्पसंख्याकांच्या शाळा मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने या कायद्याच्या कक्षेबाहेर राहिल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयातील दोन न्यायमूर्तींनी त्या निकालाविषयी शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठापुढे नेण्यास सांगितले. संविधानाने अल्पसंख्याकांना दिलेला हक्क मोलाचा आहे आणि तो जपलाच पाहिजे. पण कायद्याने जे आपल्यावर लादले नाही, ते शुभवर्तमानाने आपल्याला केव्हाच सांगितलेले आहे.

याकोबाच्या पत्रात सभास्थानी आलेल्या श्रीमंताला मानाची जागा आणि गरिबाला पायाशी बसविणाऱ्यांची कानउघाडणी आहे. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात संत जॉन बॅप्टिस्ट दि ला साल यांनी ऐपतदार व गरीब मुलांना एकत्र विनाशुल्क शिकविले, म्हणून पॅरिसच्या लेखनशिक्षकांनी त्यांना कोर्टात खेचले होते. रोमच्या शिक्षणविषयक मंडळाने १९७७ साली काढलेल्या कॅथलिक शाळांवरील दस्तऐवजात स्पष्ट इशारा आहे, की आपल्या शाळा मुख्यत्वे सधनांकडेच वळल्या, तर त्या अन्यायी समाजरचनेलाच हातभार लावतील.

मग करावे काय? आपल्या शाळांच्या व्यवस्थापनांनी हुकमाची वाट न पाहता गरीब मुलांसाठी, कोणत्याही धर्माच्या असोत, जागा राखाव्यात आणि फीवाचून एकही कॅथलिक लेकरू परत पाठवू नये. कॉन्व्हेंटच्या ग्रंथालयाचे दार शनिवारी शेजारच्या झेडपी शाळेतील मुलांना उघडावे. आणि ज्यांची लेकरे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, त्यांनी मान खाली घालू नये. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांच्या असाव्यात, हे त्याच कायद्याने दिलेले आहे. त्या बैठकीस जावे, बोलावे, हिशेब विचारावा. हिवरे बाजारच्या ग्रामसभेने याहून वेगळे काही केले नाही.

यंदाच्या जूनमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही चिठ्ठ्या टाकून बाक दिले. मागच्या बाकावरचा तो मुलगा आता दुसऱ्या रांगेत बसतो. शेजारी कॉन्व्हेंटमधली मुले आहेत. परवा त्यातल्या एकाला मराठी बायबलमधला उतारा वाचता येईना, तेव्हा यानेच बोट ठेवून एकेक शब्द सांगितला. कोणी हसले नाही.