तीनच्या आतला शिक्का

पहिली पॅरिस–ब्रेस्ट–पॅरिस सायकल शर्यत 1891 ची. 1200 किलोमीटर! शार्ल तेराँ 71 तास 22 मिनिटांत पहिला आला. मला मात्र भावल्या त्या वाटेतल्या चौक्या. गडी कितीही दमलेला असो, वहीवर सही-शिक्का घेतल्याशिवाय सुटका नाही. कारकुनीला एवढा मान!

तिचीच नात म्हणजे आपल्याकडची 'ब्रेव्हे'. 300 किलोमीटर, 20 तास. नंबरबिंबर नाही, पण शिक्का हुकला की सारी रपेट बाद. पुण्याहून निघालेल्यांसाठी इंदापूरच्या चौकीवर मी बारामतीहून गेलो. चौकी तीनला बंद. दोन अठ्ठावन्नला एक मुलगी आली, दोन पंक्चरं काढून.

"काका, शिक्का!"

पॅड सुकलेलं. बँकेतल्या सवयीनं मी शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि दाबला. पुसट, पण उमटला.

"वाचता येतोय!" म्हणत ती पाणीही न पिता निघाली.