मान्जू, पुरणयंत्र आणि कोहळा

ओकायामा हे नाव पुणेकरांच्या ओळखीचं आहे ते सिंहगड रस्त्यावरच्या बागेमुळे. २००६ साली खुलं झालेलं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामाच्या कोराकुएन बागेवरून बेतलेलं आहे. मूळ बाग इकेदा घराण्यातल्या त्सुनामासा या सरदाराने १६८७मध्ये बांधायला घेतली आणि १७००मध्ये ती पुरी झाली. बाग पुण्यात आली, पण त्या गावाची दुसरी खूण तिथेच राहिली. ती म्हणजे ओते मान्जू. ओते म्हणजे किल्ल्याचा महादरवाजा. १८३७पासून हा मान्जू तिथे विकला जातो.

नाव ऐकून शेजारची मंजू आठवली तर आठवू द्या. मान्जू म्हणजे पिठाच्या पारीत लाल बियांचं गोड पुरण भरून वाफवलेला गोळा. ओते मान्जूची पारी अगदी पातळ असते आणि तिचं पीठ तांदळाच्या गोड आंबवणाने फुगवतात.

आता थोडं मागे जाऊ. मान्जू मुळात चीनचा. तिकडची दंतकथा अशी : सेनापती झुगे लियांगला खवळलेली नदी ओलांडायची होती आणि नदीच्या देवतेला माणसांची मुंडकी हवी होती. त्याने कणकेत मांस भरून डोक्याएवढे गोळे केले आणि तेच नदीला वाहिले. आपल्याला हे नवीन नाही. बळीऐवजी कोहळा फोडणारी माणसं आपण.

१३४९मध्ये रिन जोइन नावाचा चिनी माणूस एका झेन भिक्षूबरोबर जपानमधल्या नारा शहरात आला. मांसाचा गोळा त्याला येत होता, पण भिक्षू मांस खात नसत. म्हणून त्याने आत शिजवलेल्या अझुकीचं, म्हणजे बारीक लाल कडधान्याचं, गोड पुरण भरलं. त्याचे वंशज शिओसे या नावाने आजही मान्जू विकतात. नारामध्ये त्याचं देऊळ आहे आणि तिथे दर १९ एप्रिलला मान्जूचा उत्सव होतो.

घराण्याच्या परंपरेत पुढची गोष्टही आहे. रिनने तिथे लग्न केलं, त्याला मुलं झाली. गुरू वारल्यावर मात्र तो बायकोमुलांना मागे ठेवून चीनला निघून गेला. माझ्या कॉलेजच्या बॅचमधले काहीजण तोक्योत आहेत. परत यायचं की तिथेच राहायचं, हा विषय फोनवर दर वेळी निघतो आणि दर वेळी अर्धा राहतो. रिनचा निर्णय मला पटत नाही. पण पदार्थ त्याच्याबरोबर परत गेला नाही, हे खरं. मागे राहिलेल्यांनी तो केला, विकला, आणि पुढे तो त्यांचाच झाला.

उलट दिशेचा प्रवासही झालाय. बौद्ध भिक्षूंबरोबर चीनमार्गे गणपती जपानला पोचला आणि कांगितेन झाला. त्याच्या नैवेद्याला 'कांगिदान' लागतं. क्योतोमधलं १६१७पासूनचं एक दुकान ते अजून करतं : वर पुरचुंडीसारखी गाठ, आत अझुकीचं पुरण आणि मसाले, तिळाच्या तेलात तळलेलं. हा आपल्या मोदकाचाच भाऊबंद. ना खोबरं, ना उकड. म्हणून तो खोटा म्हणायचा का?

म्हणूनच पुण्यात मान्जू करताना 'ऑथेंटिक' या शब्दाने घाबरू नका. अझुकी नसेल तर लाल चवळी घ्या. दोन्ही कडधान्यं एकाच 'विग्ना' गणातली. तोक्योच्या बाजूला तर सणाच्या लाल भातात अझुकीऐवजी चवळीच घालतात, कारण शिजताना अझुकी फुटते आणि सामुराईंना त्यात पोट चिरल्याचा अपशकुन दिसे.

एक वाटी चवळी रात्रभर भिजवून मऊ शिजवा आणि पुरणयंत्रातून काढा. जपानीत या गुळगुळीत पुरणाला 'कोशिआन' म्हणतात. चवीपुरती साखर घालून, डाव उभा राहीपर्यंत आटवा. पारीसाठी साठ ग्रॅम गूळ दोन मोठे चमचे पाण्यात विरघळवून गार करा. त्यात अर्धा चमचा खायचा सोडा आणि शंभर ग्रॅम मैदा घालून मऊ गोळा मळा. गुळाची ही पारी इकाहो गावच्या मान्जूच्या वळणाची आहे. तिथल्या गरम झऱ्यांचं पाणी तांबूस, म्हणून १९१०मध्ये त्या रंगाचे मान्जू निघाले आणि झऱ्यांच्या गावोगावी पसरले.

पीठ अर्धा तास झाकून ठेवा. मग पारीपेक्षा पुरण थोडं जास्त घेऊन गोळे वळा. मोदकपात्राच्या झाकणाला आतून फडकं बांधा, नाहीतर वाफेचं पाणी थेंबथेंब पडून वर डाग पडतात. दहा-बारा मिनिटं पुरे.

आजीला दाखवलंत तर ती म्हणेल, "हे तर वाफवलेले कडबू." म्हणू द्या. सातशे वर्षांत या गोळ्याला कुणी ना कुणी आपल्याच नावाने हाक मारत आलंय.