निजामाचे दहा लाख पौंड आणि आपली पासबुकं

मराठवाड्याच्या मंडळींना १७ सप्टेंबर १९४८ ही तारीख सांगायला नको. निजाम शरण आला, रझाकारी संपली. पण त्यानंतर तीनच दिवसांनी, २० सप्टेंबरला, लंडनमध्ये एक वेगळंच प्रकरण घडलं. वेस्टमिन्स्टर बँकेतल्या हैदराबाद सरकारच्या खात्यातून १०,०७,९४० पौंड आणि ९ शिलिंग पाकिस्तानचे तिथले हायकमिशनर हबीब रहिमतुल्ला यांच्या नावावर गेले. हे करवलं निजामाचे मंत्री मोईन नवाज जंग यांनी.

आठवड्याभरात निजामाने बँकेला कळवलं की हे माझ्या परवानगीशिवाय झालंय, पैसे परत फिरवा. बँक म्हणाली, ज्यांच्या नावावर आहेत त्यांची संमती आणा. ती कशाला मिळतेय! १९५४ साली निजाम कोर्टात गेला. १९५७ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने सांगितलं की पाकिस्तान हा सार्वभौम देश, त्याच्या मर्जीविना त्याच्यावर खटला चालणार नाही. झालं! पैसे कोणाचे हे कोणी ठरवलंच नाही, आणि रक्कम बँकेत पडून राहिली.

१९३७ साली ‘टाइम’ने जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून ज्याला मुखपृष्ठावर छापलं, तो मीर उस्मान अली खान २४ फेब्रुवारी १९६७ रोजी गेला, तेव्हाही हे पैसे अडकलेलेच होते. त्याआधी, १९६५ मध्ये, त्याने आपला हक्क भारताच्या राष्ट्रपतींच्या नावे करून दिला होता. म्हणजे आता दावेदार तीन: भारत सरकार, पाकिस्तान आणि निजामाचे नातू मुकर्रम जाह व मुफख्खम जाह.

२०१३ साली पाकिस्तान स्वतःच पैसे मागायला कोर्टात आलं आणि तिथेच फसलं, कारण ज्या संरक्षणाने ५६ वर्षं दार बंद ठेवलं होतं ते त्याने आपल्याच हाताने सोडलं. पुढे माघार घ्यायचा प्रयत्न केला, तो कोर्टाने मानला नाही. नातवांनी आणि भारत सरकारने मात्र आपसात समझोता केला. भाऊबंदकीच्या खटल्यांत हे शहाणपण विरळाच, आणि मला वाटतं खरं काम त्यानेच झालं. २ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायमूर्ती मार्कस स्मिथ यांनी निकाल दिला की पैसा सातव्या निजामाचा, आणि त्याच्यामार्फत भारत व दोन्ही नातवांचा. दहा लाखांचे तोवर साडेतीन कोटी पौंड झाले होते. निकालानंतर घराण्यातल्या इतरांनीही हक्क सांगितला. २०२० मध्ये तो फेटाळला गेला.

एवढं वैभव आपल्या घरी नाही, पण पडून राहिलेली पासबुकं आहेत. निजामाच्या काळात, १९४१ साली, निघालेली हैदराबाद स्टेट बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि १ एप्रिल २०१७ ला स्टेट बँक ऑफ इंडियात विलीन झाली. तेव्हा आजोबांच्या परभणी-नांदेडच्या जुन्या खात्याची चौकशी आता तिथे करायची. दहा वर्षं हात न लागलेली ठेव रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, पण बुडत नाही. वारसाने कधीही बँकेकडे मागावी. २०२३ पासून ‘उद्गम’ या पोर्टलवर नाव घालून ती शोधताही येते. मृत्यूचा दाखला हवा, वारस असल्याचा पुरावा हवा. पासबुकात ‘दत्तात्रय’ आणि दाखल्यावर ‘दत्तोपंत’ असेल तर आधी त्याचं प्रतिज्ञापत्र. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो फक्त वारसांसाठी पैसे हातात घेणारा.

इकडे, बाड हॉम्बुर्गमध्ये, घड्याळ उलटं चालतं. १७ ऑगस्ट २०१५ पासून माणूस कायम जिथे राहत होता तिथला वारसा कायदा लागतो, पासपोर्ट भारतीय असला तरी. मृत्युपत्रात आपल्या नागरिकत्वाचा कायदा निवडला असेल तर गोष्ट वेगळी. वारस प्रमाणपत्र, म्हणजे ‘एर्बशाइन’, इथल्या आम्ट्सगेरिष्टमधून मिळतं. पण जर्मन कायद्यात संपत्तीबरोबर कर्जही वारसाकडे येतं. नको असेल तर वारसा आल्याचं कळल्यापासून सहा आठवड्यांत कोर्टात जाऊन किंवा नोटरीमार्फत तसं कळवावं लागतं. वारस तेव्हा भारतात असेल तर सहा महिने मिळतात. गप्प बसलात तर वारसा स्वीकारला असं धरलं जातं.