फुग्यावरचं औषध

कुवेतमध्ये राहत असाल, तर शर्कमधलं अमीरी रुग्णालय तुम्हाला ठाऊक असेलच. समुद्रालगतच्या अरेबियन गल्फ स्ट्रीटवरचं हे रुग्णालय १९४९ पासून चालू आहे. तिथेच सबाह अल-अहमद हृदयरोग केंद्र आहे, आणि पुढे दसमान राजवाड्याच्या बाजूला मधुमेहाचा अभ्यास करणारी दसमान संस्था. या दोघींचा शेजार अगदी योग्य म्हणायला हवा. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजाप्रमाणे कुवेतमधल्या प्रौढांपैकी जवळजवळ चारांत एकाला मधुमेह आहे. मधुमेह्याच्या रक्तवाहिन्या, मग त्या हृदयाच्या असोत की पायाच्या, लवकर अरुंद होतात. आणि फुगा घालून उघडल्या तरी पुन्हा बुजण्याची भीती त्याला इतरांपेक्षा जास्त असते.

या पुन्हा बुजण्याचा इतिहास अँजिओप्लास्टीइतकाच जुना आहे. १६ सप्टेंबर १९७७ रोजी झुरिकमध्ये आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी जाग्या माणसाच्या हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा फुगा फुगवला. रस्ता मोकळा झाला, पण फुग्याने वाहिनीच्या भिंतीला इजाही होते. ती भरून काढायला भिंतीतल्या पेशी वाढू लागतात आणि कित्येकदा थांबायचं विसरतात. १९८६ मध्ये स्टेंट आला, तर पेशी त्याच्या जाळीतून आत वाढल्या. म्हणजे नुसता टेकू देऊन भागणार नव्हतं, पेशींची वाढ रोखणारं औषध तिथे पोचवायला हवं होतं.

असं औषध कॅन्सरवाल्यांकडे होतं, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या खानदेशात जातो. नंदुरबार म्हटलं की आपल्याला मिरचीचा बाजार आठवतो, नाहीतर १९४२ चा शिरीषकुमार. मनसुख वाणी हे नाव सहसा आठवत नाही. १९२५ साली नंदुरबारला जन्मलेले वाणी मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकले, इंडियाना विद्यापीठात पीएच.डी. झाले आणि १९६२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्या जोडीला काम करू लागले. त्याच वर्षी अमेरिकेच्या वायव्येकडच्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल तपासणीसाठी गोळा झाली होती. तिच्यातला कॅन्सरविरोधी रेणू या दोघांनी वेगळा केला आणि त्याची रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तोच टॅक्सॉल, म्हणजे पॅक्लिटॅक्सेल. परदेशी गेलेल्या आपल्याकडच्या माणसांच्या याद्या आपण हौसेने करतो. त्यांत वाण्यांचं नाव फार वर असायला हवं, असं माझं मत आहे.

पॅक्लिटॅक्सेल पेशीचं विभाजन अडवतं. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, चरबीत मात्र मुरतं, त्यामुळे वाहिनीच्या भिंतीत एकदा शिरलं की बराच काळ टिकतं. प्रश्न होता तो ते तिथवर न्यायचा. जर्मनीतले उलरिख श्पेक हे क्ष-किरण तपासणीत वापरायच्या कॉन्ट्रास्ट द्रवांचे जाणकार. त्यांनी आणि हृदयरोगतज्ज्ञ ब्रुनो शेलर यांनी आयोप्रोमाइड या कॉन्ट्रास्ट द्रव्यात पॅक्लिटॅक्सेल मिसळून त्याचा थर फुग्यावर दिला. नुसतं औषध फुग्याला चिकटून बसे, या जोडीदारामुळे ते भिंतीला लागताच सुटू लागलं. २००६ साली ५२ रुग्णांवरचा त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा साध्या फुग्याच्या २३ पैकी १० जणांची वाहिनी पुन्हा अरुंद झाली होती, औषधी फुग्याच्या २२ पैकी एकाची.

खरी अडचण इथे सुरू होते. थराने सगळा प्रवास घट्ट धरून राहायचं, आणि मुक्कामी पोचल्यावर अर्ध्या ते एका मिनिटात सुटायचं. त्याहून जास्त वेळ फुगा फुगवून ठेवणं हृदयाला सहसा सोसत नाही. औषध तरी किती? शेलर-श्पेक यांच्या फुग्यावर दर चौरस मिलिमीटरला ३ मायक्रोग्रॅम. तीन मिलिमीटर जाड, वीस मिलिमीटर लांब फुगा धरला, तर सगळं मिळून अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास. त्यातलंही बरंचसं वाटेत रक्ताबरोबर वाहून जातं.

म्हणून थर जपण्याचे उपाय साधे दिसले तरी महत्त्वाचे आहेत. फुगा मिटलेल्या छत्रीसारखा घड्या घालून गुंडाळतात, म्हणजे बरंचसं औषध घडीच्या आत झाकलं जातं. वरून एक पातळ नळीसारखं आवरण, ते अगदी वापरायच्या वेळी काढायचं. थराला बोट लावायचं नाही, सलाइनमध्ये बुडवायचा नाही, ओल्या कापडाने पुसायचा नाही. वाहिनीचा अरुंद भाग आधी साध्या फुग्याने उघडून घ्यायचा, म्हणजे औषधी फुगा आत सरकताना खरवडला जात नाही. एकदा आत गेला की रेंगाळायचं नाही.

सुटलेला थर वाया जातो एवढंच नाही. गुडघ्याखालच्या वाहिन्यांवरच्या एका मोठ्या चाचणीत औषधी फुग्याच्या गटात वर्षभरात ८.८ टक्के रुग्णांचा पाय कापावा लागला, साध्या फुग्याच्या गटात ३.६ टक्के. फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, तरी कंपनीने २०१३ मध्ये तो फुगा बाजारातून मागे घेतला. थराचे कण खाली वाहत जाऊन पावलाच्या बारीक वाहिन्यांत अडकले असावेत, ही त्यामागची एक शंका होती. मधुमेह्याच्या पावलाला असे कण परवडत नाहीत. पुढे २०१८ मध्ये पॅक्लिटॅक्सेलच्या उपकरणांमुळे मृत्यू वाढतात का, असा वाद उठला. जास्त माहिती हाती आल्यावर, २०२३ मध्ये, अमेरिकेच्या एफडीएने तसा पुरावा दिसत नसल्याचं सांगितलं. हृदयाच्या धमनीसाठी पहिल्या औषधी फुग्याला तिथे मान्यता मिळाली ती मार्च २०२४ मध्ये, स्टेंटच्या आत पुन्हा बुजलेल्या वाहिनीसाठी.

दुसरं औषध सिरोलिमस. ईस्टर बेटावरच्या मातीतून ते शोधणारे सुरेन सहगल हेही आपल्या उपखंडातून कॅनडाला गेलेले. ते भिंतीत पॅक्लिटॅक्सेलइतकं चटकन मुरत नाही, म्हणून सुरतेच्या एका कंपनीने त्याचे अतिसूक्ष्म कण स्निग्ध फॉस्फोलिपिडच्या वेष्टनात घालून फुग्यावर बसवले. ताप्ती खोऱ्यातून सुरतेला जाणारी रेल्वे नंदुरबारवरूनच जाते. वाणी २०२० मध्ये, पंचाण्णवाव्या वर्षी, अमेरिकेत वारले.