प्रेअरी : गवत, माती आणि चराई क्षमता

उत्तर अमेरिकेत रॉकी पर्वताच्या पूर्वेस पसरलेल्या विस्तीर्ण गवताळ मैदानांना प्रेअरी म्हणतात. गवताचे नुकसान न होता एखाद्या कुरणावर जितकी जनावरे चरू शकतात, तितकी त्याची चराई क्षमता. ती वर दिसणाऱ्या गवताइतकीच जमिनीखालच्या मुळांवर अवलंबून असते.

स्थानिक गवते

पश्चिमेकडे पाऊस कमी असल्याने तेथे ब्लू ग्रामा व बफेलो ग्रास ही आखूड गवते वाढतात. पूर्वेकडे पाऊस वाढतो, तशी बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विचग्रास ही उंच गवते दिसू लागतात. मधल्या पट्ट्यात दोन्हींचे मिश्रण असते. बिग ब्लूस्टेम हे ज्वारी आणि उसाच्या गटातले गवत असून ते माणसापेक्षा उंच वाढू शकते.

माती

या बहुवर्षायू गवतांची मुळे दाट व खोल असतात. दरवर्षी त्यांतील काही मुळे मरून कुजतात. हजारो वर्षे असे घडत राहिल्याने काळी, सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध माती तयार झाली. हीच सुपीकता प्रेअरीच्या मुळावर आली. उंच गवताची बहुतेक प्रेअरी नांगरून तेथे मका व सोयाबीनची शेती झाली आणि मूळ क्षेत्रापैकी ४ टक्क्यांहून कमी उरले. कॅन्ससमधील फ्लिंट हिल्स येथे मातीचा थर पातळ व खाली खडक असल्याने नांगर चालला नाही. म्हणून तेथे गवत टिकले आणि गुरे चारण्याचा व्यवसाय वाढला.

चराई क्षमता कशी काढतात?

‘अर्धे खा, अर्धे राखा’ हा रूढ नियम आहे. समजा, एका हेक्टरवर वर्षाला २,००० किलो वाळलेल्या गवताइतके उत्पादन होते. त्यातील १,००० किलो राखायचे. उरलेल्यापैकी साधारण निम्मे तुडवले जाते, किडे खातात किंवा वाया जाते. जनावराच्या पोटात जातात सुमारे ५०० किलो. वासरू असलेल्या गाईला रोज सुमारे १२ किलो गवत लागते. म्हणजे एका हेक्टरवर ती जेमतेम ४० दिवस चरू शकते. सहा महिन्यांसाठी ४ हेक्टरांहून अधिक कुरण हवे. दुष्काळात उत्पादन निम्मे झाले, तर हेच क्षेत्र दुप्पट लागते.

जास्त चराई झाली तर?

पाने निम्म्याहून जास्त खाल्ली गेली, की मुळांची वाढ काही काळ थांबते. असे वारंवार झाल्यास गुरांना आवडणारे बिग ब्लूस्टेम कमी होते आणि आखूड गवते व तण वाढतात. मुळे उथळ झाल्याने पाणी मुरत नाही, माती वाहून जाते. कुरण हिरवे दिसत असतानाच त्याची क्षमता घटलेली असते. म्हणूनच पाऊस हुकल्याचे दिसताच, गवत संपण्याची वाट न पाहता, गुरांची संख्या कमी करणे कुरणाच्या हिताचे ठरते.