डेडफॉल सापळा : रचना, सराव आणि कायद्याची चौकट

जड दगड किंवा ओंडका काड्यांच्या नाजूक आधारावर तोलून धरायचा आणि आमिषाला स्पर्श होताच तो खाली कोसळेल अशी योजना करायची, या रचनेस इंग्रजीत ‘डेडफॉल’ म्हणतात. मराठीत त्यास कोसळत्या भाराचा सापळा म्हणता येईल. त्याला धातू लागत नाही, स्प्रिंग लागत नाही. चाकू, काड्या आणि दगड एवढे पुरते. रानातील साधनांवर निर्वाह करण्याच्या विद्येत, म्हणजेच ‘बुशक्राफ्ट’मध्ये, तो आजही शिकवला जातो. मात्र त्याचे आजचे मोल शिकारीत नसून हाताच्या कौशल्यात आहे. भारतात तर सराव कोठे थांबतो आणि गुन्हा कोठे सुरू होतो, हे जाणूनच काडीला हात घालावा लागतो.

पूर्वपीठिका

उत्तर अमेरिकेतील अनेक मूलनिवासी समाजांत हे सापळे प्रचलित होते. पुढे फरच्या व्यापारासाठी रानोमाळ हिंडणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनीही ते वापरले. स्मिथसोनियन संस्थेतील मानववंशशास्त्रज्ञ ओटिस मेसन यांनी १९००च्या सुमारास या सापळ्यांवर निबंध लिहिला. मानसशास्त्र आणि शोधबुद्धी यांचा अभ्यास म्हणून त्यांनी या विषयाकडे पाहिले, आणि ते यथार्थ होते. प्राणी कोणत्या वाटेने येईल, कशाला भुलेल आणि कशाने बिचकेल हे ठाऊक नसेल, तर उत्तम सापळाही रिकामाच राहतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कॅनडातील मॉर्स कोचान्स्की, ब्रिटनमधील रे मिअर्स आदींच्या पुस्तकांमुळे ‘बुशक्राफ्ट’ हा शब्द रुळला आणि या जुन्या रचना हौशी अभ्यासकांपर्यंत पोहोचल्या.

तीन काड्यांचा ‘चार’

सर्वांत प्रसिद्ध रचनेत तीन काड्या असतात. मांडल्यावर त्यांचा आकार इंग्रजी पद्धतीने लिहिलेल्या चारच्या आकड्यासारखा दिसतो. देवनागरी ४ येथे डोळ्यांसमोर आणू नये. उभ्या काडीचे वरचे टोक पाचरीसारखे तासलेले असते. तिरक्या काडीची खाच त्या टोकावर बसते, तिच्या वरच्या टोकावर भार विसावतो आणि खालचे टोक आडव्या काडीच्या बाहेरील खाचेत अडकते. आडवी काडी मध्यभागी उभ्या काडीच्या सपाट केलेल्या बाजूस अडते. तिचे आतले टोक भाराखाली जाते. आमिष तेथे लावतात.

यातील खरी किमया तरफेची आहे. समजा, सपाट दगड ५ किलोचा आहे. त्याची एक कड जमिनीवर टेकलेली असल्याने सुमारे निम्मे वजन जमीनच पेलते आणि अडीच किलोचा भार तिरक्या काडीवर येतो. टेकूपासून भाराचे अंतर ३ सेंटीमीटर आणि खालच्या टोकाचे १५ सेंटीमीटर असेल, तर त्या टोकाशी अर्ध्या किलोइतकेच बल रोखावे लागते. म्हणूनच बोटभर जाडीची काडी दगड तोलून धरते, आणि म्हणूनच हलक्या धक्क्याने सारे निसटते.

दुसरा प्रसिद्ध प्रकार पाययूट लोकांच्या नावाने ओळखला जातो. नेवाडा, युटा व पूर्व कॅलिफोर्नियाच्या कोरड्या प्रदेशात हा समाज राहतो. त्यांच्या रचनेत तिरक्या काडीच्या खालच्या टोकास दोरी असते. दोरीच्या शेवटी बांधलेली छोटी खुंटी उभ्या काडीभोवती वळवून एका बारीक काडीने अडवतात. खाचांचे कोरीव काम येथे कमी आणि संवेदनशीलता अधिक.

सराव कसा करावा

आरंभी दगड नकोच. घरातला लाकडी पाट किंवा जाड पुस्तक पुरते. छाटणीत पडलेल्या सरळ डहाळ्या घ्याव्यात. ओले लाकूड कापण्यास सोपे, पण वाळताना आकसते आणि खाचा सैल होतात. मांडताना भाराखाली वीट उभी ठेवावी, म्हणजे बोटे चेचणार नाहीत. वीट काढल्यावर आमिषकाडीला लांब काठीनेच स्पर्श करावा.

चुका बहुधा ठरावीक असतात. खाच फार खोल असेल, तर सापळा पडतच नाही. तिच्या कडा गोलसर राहिल्या, तर तो आपोआप पडतो. मऊ मातीत उभी काडी रुतते, म्हणून तिच्याखाली चपटा दगड ठेवावा. काड्या बाहेर न उडता भाराखालीच अडकल्या, तर भार अधांतरी राहतो. प्रत्यक्ष वापरात याच चुकीने प्राणी मरत नाही, जायबंदी होऊन तडफडतो.

कायद्याची चौकट

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील ‘शिकार’ या संज्ञेत वन्य प्राण्यास सापळ्यात पकडणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणेही येते. सापळा रिकामा राहिला, हा बचाव त्यामुळे टिकत नाही. ‘शस्त्र’ या संज्ञेतही चाकू, फास आणि सापळे यांचा समावेश आहे, आणि पूर्वलेखी परवानगीशिवाय अभयारण्यात शस्त्रासह प्रवेश करण्यास कलम ३१ अन्वये मनाई आहे. मोले, खोतीगाव, नेत्रावळी वा म्हादईच्या रानात जाणाऱ्या हौशी भटक्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. २०२२च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कारावास, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. खवले मांजर, घोरपड यांसारखे अनुसूची १ मधील प्राणी किंवा अभयारण्यातील शिकार असल्यास किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास तसेच किमान २५ हजार रुपये दंड आहे.

कायद्यामागे विवेकही आहे. कोसळणारा दगड उंदीर, खवले मांजर, पाळीव कुत्रा आणि मुलाचा हात यांत भेद करीत नाही. म्हणून सराव आपल्याच अंगणात, आमिषाविना आणि आपल्या देखत करावा. उठताना सापळा स्वतः पाडून काड्या सुट्या कराव्यात. मांडलेला सापळा मागे ठेवून कधीही जाऊ नये. तीन काड्यांचा तोल हाती येणे, एवढेच या विद्येचे फळ आहे आणि ते पुरेसे आहे.