हिशेबाची प्रतवारी

बाजार समितीत धान्याची प्रतवारी होते, हे आपण सारे जाणतो. गणितातील कोड्यांचीही तशी प्रतवारी होते, आणि तिचा निकष एकच आहे: कोडे वाढत गेले, तर ते सोडवायला लागणारा वेळ आणि जागा किती वाढते? या विचाराला शास्त्राचे रूप दिले ते हार्टमॅनिस आणि स्टर्न्स या दोघांनी, १९६५ साली, जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत. कारखान्यातच हे सुचावे, याचे मला नवल वाटत नाही.

संघटनेच्या सभासदांची यादी अकारविल्हे लावायची आहे असे समजा. नावे दुप्पट झाली, तर नीट रीतीने केलेले काम दुपटीहून थोडेच अधिक होते. आता तेरखेड्याहून निघून वीस गावांत सभा घ्यायच्या आहेत आणि प्रवास कमीत कमी व्हायला हवा. गावांचे सारे क्रम एकेक करून तपासायचे म्हटले, तर सेकंदाला शंभर कोटी क्रम तपासणाऱ्या यंत्रालाही ७७ वर्षे लागतील. एकविसावे गाव वाढले की सोळाशे वर्षांवर! हुशारीने याहून बरेच कमी वेळात भागते. पण अचूक उत्तराची हमी देणाऱ्या ज्ञात रीतींचे काम शेवटी असेच भरमसाट फुगते. १९७१ साली कुक यांनी आणि १९७२ साली कार्प यांनी दाखवले की, अशी अनेक कोडी एकमेकांच्या नात्यातली आहेत. एकाला झटपट रीत सापडली तर साऱ्यांना सापडेल. कार्प यांच्या २१ कोड्यांत कामांचा क्रम लावण्याचे कोडेही होते. अशी रीत आहे की नाहीच, हे आजवर कोणी सिद्ध केलेले नाही.

पण काही कोडी बराच काळ दोन प्रतींच्या उंबरठ्यावर अडून बसली होती. त्यांतल्या एकाशी आपल्या गावाचाही संबंध पोचतो. फटाक्यांच्या कारखान्यात हात किती, कागद किती, वाळवणाला जागा किती, हे ठरलेले असते. मग कोणता माल किती करावा म्हणजे अधिक पदरात पडेल? एका खोलीत किती माणसे बसावीत, किती दारू ठेवावी, यालाही कायद्याची मर्यादा आहे. ही मर्यादा हिशेबात मांडलीच नाही, तर उत्तर गणिताने बरोबर येईल आणि माणसांचा जीव घेईल. गणित मांडतो कोण, हा प्रश्न म्हणून मला गणिताइतकाच मोठा वाटतो.

या जातीच्या हिशेबाला लिनियर प्रोग्रामिंग म्हणतात. १९३९ साली लेनिनग्राडमध्ये कांतोरोविच यांनी त्यावर पुस्तिका काढली, तीही प्लायवूडच्या कारखान्यातील यंत्रांवर काम कसे वाटावे या प्रश्नातून. १९४७ साली अमेरिकेत डँटझिग यांनी सिम्प्लेक्स रीत दिली. ती व्यवहारात झपाट्याने चाले. परंतु १९७२ साली क्ली आणि मिंटी यांनी तिला दमवून टाकणारी उदाहरणे रचली. १९७९ साली रशियातील खाचियान यांनी हे कोडे सोप्या प्रतीतलेच आहे, असे सिद्ध केले. त्यांची रीत मात्र प्रत्यक्षात फार संथ निघाली.

हे कोडे कागदावर आणि व्यवहारातही सोपे करणारी रीत दिली नरेंद्र करमरकर यांनी. ग्वाल्हेरच्या मराठी घरातला हा माणूस. मुंबईच्या आयआयटीतून १९७८ साली पदवी घेऊन बर्कलेला कार्प यांच्याच हाताखाली शिकला. बेल प्रयोगशाळेत असताना, १९८४ साली, त्यांनी आपली रीत जाहीर केली. सिम्प्लेक्स कडेकडेने कोपऱ्यांवरून चालते. ही रीत शेताच्या मधून वाट काढते. न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर बातमी दिली.

पुढे जे झाले ते कामगाराने ध्यानात घ्यावे. कंपनीने बारकावे राखून ठेवले, यंत्रासह तयार केलेल्या व्यवस्थेची किंमत ८९ लाख डॉलर लावली आणि १९८८ साली रीतीचे पेटंट पदरात पाडून घेतले. गणिताची रीत कोणाच्या मालकीची होऊ शकते काय, यावर तेव्हा बरीच खडाजंगी झाली. १९८६ सालीच काही गणितज्ञांनी दाखवले होते की, जुन्या एका रीतीशी तिचे सख्खे नाते आहे. आणि तिचेच एक सोपे रूप दिकिन यांनी १९६७ साली रशियात छापले होते. करमरकरांचे श्रेय यामुळे कमी होत नाही. वेळेची हमी त्यांनीच सिद्ध केली. पेटंटची मुदत आता संपली आहे, आणि त्या घराण्याच्या रीती कोणालाही फुकट मिळणाऱ्या प्रोग्रामांत आहेत.